डाव्या पायाचा दोरा

आधी मावशींचं सांगतो, माझं काय झालं ते त्यानंतर.

बेलापुरात बाजारतळाच्या मागच्या अंगाला मावशींची खानावळ आहे. पाटी नाही, टेबल नाही. पत्र्याचं छप्पर, एक चूल, एक गॅस आणि भिंतीला टेकून बसायला शहाबादी फरशी. जेवायला येणारे सगळे माझ्यासारखेच, घरापासून लांब पडलेले. मावशी माझ्या नात्याच्या नाहीत, गावच्याही नाहीत. त्यांच्या हातची भाकरी मी कितीतरी वर्षं खातोय, एवढंच नातं. पण आज बसून चार ओळी लिहितोय ते त्यांच्यामुळं. औषध डॉक्टरबाईंनी दिलं, ते खरंच. पण डॉक्टरबाईंच्या टेबलापर्यंत माझी गोष्ट नेली मावशींनी. ती माझ्या तोंडून निघणार नव्हती. मरतानाही निघाली नसती.

का नसती, ते आता सांगतो. सांगतो म्हणजे लिहितो. आईनं तोंडातून काढू नको म्हटलं होतं. हाताबद्दल ती काही बोलली नव्हती. तरीपण लिहिताना मी पाय वर घेऊन बसलोय. आमच्याकडं सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. मीही तेच लिहीन. त्याच्या जातीचं नाव माझ्या हातून उमटायचं नाही.

मी जामखेडकडचा. डोंगराच्या कडेचं कोरडं गाव. शाळा सातवीत सुटली आणि चार माणसांबरोबर मी कोपरगावच्या बाजूला उसाच्या कामाला आलो. जिल्हा एकच, पण एसटी बदलत बदलत जायचं तर दिवस मोडतो. इथं तोंड उघडलं की लोक विचारतात, "मराठवाड्याचा का रं तू?"

विशीच्या आतबाहेर असेन तेव्हा. तोडलेल्या उसाचं पाचट गोळा करत होतो. डावा पाय पाचटात पडला आणि कुकरनं वाफ सोडावी तसा आवाज आला. आधी आवाज, मग घोट्याच्या वर आग. अंगावर साखळी काढल्यासारखे गोल ठिपके असलेलं जनावर पाचटात शिरताना दिसलं. घाई नव्हती त्याला काही. पुढचं तुटक आठवतं. हिरड्यांतून रक्त. खांबासारखा सुजलेला पाय. मग लघवीच बंद झाली. दवाखान्यात मशीनला जोडून रक्त धुऊन काढायचे. वाचलो. घोट्यावर कातडी आक्रसून एक खड्डा राहिला.

आई गावाहून आली ती काळा दोरा घेऊनच. खड्ड्याच्या वर बांधला आणि डोंगरावरच्या देवाला नवस बोलली. मग माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हे जे झालं ते तोंडातून काढायचं न्हाई, लेकरा. कुणाफुडंबी न्हाई. तू धड झालास की आपुन डोंगर चढू. शेवटच्या पायरीवर मी दोरा सोडीन, मंग बोल. त्याच्या आदी बोललास तर ते ऐकत असतंय. माघारी येतंय."

मी मुद्दाम विचारलं, "अन् माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी बोललं तर?"

"मंग त्याच्याकडं जातंय," आई म्हणाली.

त्याच हिवाळ्यात आई गेली. गावी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. सुतकात देवाची पायरी चढता येत नाही, म्हणून दोरा तसाच राहिला. सुतक फिटेपर्यंत चुलत्यांनी घराचं कुलूप बदललं होतं. मी परत फिरलो. ज्या हातानं दोरा सोडायचा तो हातच आता नव्हता. मी गप्प राहिलो. मुळात घाबरट माणूस मी. कुणी नुसतं "जपून जा" म्हटलं तरी वाटभर मागं बघत जातो. मला गप्प बसायला सांगितलं आणि मी बसलो, यात नवल नाही.

ऊस सोडला. बेलापुरात दूध संकलन केंद्रावर लागलो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालतात, त्यात चरबी किती ते मशीनवर बघायचं, म्हणजे फॅट काढायची, कॅन भरायचे आणि टेम्पोत चढवायचे. चाळीस लिटरचा कॅन मी एकटा उचलायचो. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणायचा, "क्रेन आली, क्रेन आली, बाजूला व्हा!" ती वर्षं बरी गेली.

मग पहिल्यांदा घाम गेला.

वैशाखात पत्र्याखाली सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले आणि मी कोरडा. अंग मात्र तव्यासारखं तापायचं. ड्रायव्हर म्हणाला, "घाम बी येईना का रं तुला? साहेब झाला का काय?" सगळे हसले, मीही हसलो. आतून गार झालो. आई म्हणायची, विष उतरतं ते घामावाटं. घामच नाही तर मग ते कुठं जातंय?

त्यानंतर दाढी विरळ झाली. सलूनवाला गालावरून हात फिरवून म्हणायचा, "पुढच्या महिन्यात ये, शेती पिकली न्हाई अजून." थंडी सोसेना. सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटायचंच नाही. तोंडाभोवती बारीक सुरकुत्या आल्या, म्हाताऱ्याच्या असतात तशा. आणि पोट वाढायला लागलं. पोटच फक्त. पट्ट्याचं भोक बाहेर बाहेर सरकत गेलं आणि त्याच काळात मनगटावरचं घड्याळ खाली घरंगळायला लागलं. दंड गेले, मांड्या गेल्या. आंघोळीला बसलो की वाटायचं, हे दोन माणसांचं अंग कुणीतरी एकाला जोडलंय. पोट एका जाड्या शेठचं, हातपाय उपाशी पोराचे. आणि त्या उपाशी पायावर दोरा.

लोकांना पोट दिसायचं. पोट म्हणजे सुख. "बेलापूरचं पाणी मानवलं!" "पाटील झाला की रं आमचा गडी!" केंद्रावर तर रोजचीच गंमत. मी कॅन उचलायला वाकलो की ड्रायव्हर ओरडायचा, "अरे, आधी ह्याचीच फॅट काढा मशीनवर!" कॅन आता एकट्यानं उचलत नव्हता. जमिनीवरून हलायचा, गुडघ्यापर्यंत यायचा, आणि तिथं हात सुटायचे. मी म्हणायचो, पाठ धरलीय. पाठीनं काही केलं नव्हतं.

मला मनातून माहीत होतं. म्हणजे तसं वाटत होतं. नवस राहिलाय, आणि ते आत बसून खातंय. एकदा धीर करून सुट्टी घेतली आणि गावाकडं गेलो. आई नाही तर नाही, आपण स्वतःच देवापुढं उभं राहू, दोरा तोडू आणि बोलून मोकळं होऊ, असं ठरवलं होतं. डोंगराला दगडी पायऱ्या आहेत, उंच उंच, लहानपणी त्या मी पळत चढायचो. त्या दिवशी निम्म्यावर पोचायच्या आधीच मांड्या थरथरायला लागल्या. पुढचा पाय पायरीवर ठेवला तर मागचा उचलेना. हाताला धरायला काही नाही. दुपारचं ऊन, वर देवळाचा कळस दिसतोय, आणि मी कोरडा ठक्क. शेळ्या राखणारी एक बाई वरून उतरत होती. म्हणाली, "वर जायचं न्हाई का?" मी म्हणालो, "जायचंय." ती निघून गेली. बराच वेळ बसलो, आणि मग बुडावर घसरत घसरत पायऱ्या उतरलो, लहान लेकरं उतरतात तसा.

परतीच्या एसटीत एकच विचार होता. देव वर घेत नाही. आजारामुळं नवस फिटेना, आणि नवसामुळं आजार बोलता येईना. ही गाठ तेव्हा मला इतकी स्वच्छ दिसली नव्हती. तेव्हा फक्त भीती होती.

त्यात केंद्रावर वेगळंच सुरू झालं. दूध मापापेक्षा कमी भरायला लागलं. सेक्रेटरी म्हणजे आमच्या केंद्राचा कारभार बघणारे. ते एका सकाळी सगळ्यांसमोर माझ्या पोटाकडं बघत म्हणाले, "दूध कमी भरतंय, अन् ह्याचं पोट जास्त भरतंय. हिशोब जुळतोय की!"

कुणी हसलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. काम गेलं तर मी जाणार कुठं? गावात कुलूप, उसात माझ्यानं पाय टाकवत नाही. त्या दुपारी ताटावर बसलो आणि घास उतरेना. मावशींनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला, चुलीतलं लाकूड ओढून विझवलं आणि तशाच पिठाच्या हातानं केंद्रावर गेल्या. मी मागून.

"सेक्रेटरी, हा दूध पितो म्हणता व्हय तुमी?"

"मावशी, तुमी कशाला मधी पडता? त्याच्या पोटाकडं बघा."

"पोटाकडं तुमी बघा. मी ताटाकडं बघते. रोज मी वाढते ह्याला. दीड भाकरी घेतो अन् त्यातली अर्धी माझ्या कुत्रीला जाती. माझी कुत्री बघा येऊन, ती सुटलीय! हा खातो म्हणून वाढतोय का? ह्याला कायतरी झालंय. दवाखान्यात न्यायचं सोडून चोर काय म्हणता?"

सेक्रेटरी रजिस्टर उघडून बसले. पुढं काही दिवसांनी मापाचा काटाच चुकतोय असं निघालं. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही, मीही काढलं नाही. पण 'ह्याला कायतरी झालंय' हे शब्द पहिल्यांदा माझ्याबद्दल उघड्यावर कुणी बोललं होतं. मला रडूच आलं.

दवाखान्यात गेलो, जवळच्याच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. रक्तात चरबी, लिव्हरवर चरबी. त्यांनी विचारलं, "मागं काही मोठा आजार? ॲडमिट होता कधी?"

डाव्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली. "न्हाई," मी म्हणालो.

"मग खाणं आवरा. तेल-तूप बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद. सकाळी उपाशीपोटी चालायला जा."

त्यांचं काय चुकलं? माझ्यासारखं पोट घेऊन कुणीही आलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. मी त्यांना पोटच दाखवलं होतं. पाय दाखवला नव्हता.

मी सांगितलं ते ऐकणारा. रात्रीचं ताट बंद केलं. मावशी चिडल्या, "आता उरलं काय तुज्यात उपाशी ऱ्हायला?" पहाटे कालव्याच्या कडेनं चालायला लागलो. चालताना हात कापायचे, डोळ्यांपुढं पांढरं यायचं, आणि खोलीवर येऊन गुळाचा खडा तोंडात टाकला की जग परत जागेवर यायचं. मला वाटायचं, ही चरबी जळतीय, त्याचंच हे. त्यातच पावसाच्या तोंडाला हगवण लागली. ज्याला त्याला लागली होती, सगळे उठून कामाला लागले. मी उठलो नाही.

म्हणजे उठलो, केंद्रावर गेलो, आणि कॅनच्या रांगेत आडवा झालो. ड्रायव्हर नंतर सांगायचा, "मला वाटलं कॅन पडला." शुद्ध आली तेव्हा मी मावशींच्या फरशीवर होतो. कुणीतरी तोंडात साखर घातली होती. मावशी माझे तळपाय चोळत होत्या, खोबरेल तेलानं, आणि पाय बर्फासारखे आहेत म्हणून स्वतःशीच बोलत होत्या. डाव्या पायाशी आल्या आणि त्यांचा हात थांबला.

दोरा त्यांनी वर सरकवला. खालचा खड्डा अंगठ्यानं चाचपला. बाहेर श्रीरामपूरला न्यायला टेम्पो चालू करून ठेवला होता, त्याचा आवाज येत होता.

"कवा चावलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी दात आवळले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेवढं मला थांबवता आलं नाही.

मावशींचं माहेर आमच्याच अंगाला, डोंगरापलीकडं. हे मला तेव्हा कळलं. त्या माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, अगदी आईनं ठेवला होता तसा, "बोलू नको. मान बी हलवू नको. आमच्यातबी बांधत्यात, मला म्हाईत हाय. नवस तुझा हाय ना? मंग तोंड माझं घे."

मला ओरडायचं होतं की नको, ते तुमच्याकडं जाईल. पण ते सांगायचं म्हटलं तरी बोलावंच लागलं असतं.

श्रीरामपूरला सलाईन लावलं, साखर भरली, आणि दुसऱ्या दिवशी नगरला पाठवलं. आता पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, पण मावशी कंडक्टरला नगरच म्हणाल्या आणि त्यानंही तिकीट दिलं. खानावळीला कडी लावून त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. चूल बंद ठेवून त्या कुठं गेल्याचं मी त्याआधी बघितलं नव्हतं. एसटीत त्यांनी सगळा वेळ माझा हात धरला होता आणि ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी कागद बघितले, मला बघितलं, दंड दाबून बघितला, आणि तोच प्रश्न विचारला. मागं काही मोठा आजार?

मी खाली बघितलं. मावशी खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. बसूनही सांगता आलं असतं. पण त्या उठल्या, चप्पल काढली, आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बाई, ह्याला जनावर चावलंय. लई मागं कवातरी. हा बोलणार न्हाई, त्याला बंदी हाय. मी बोलते. लागलं तर मला लागू दे."

मी मावशींच्या अनवाणी पायांकडं बघत होतो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मावशींना बसायला सांगितलं आणि त्या जातीचं नाव घेऊन विचारलं, तेच होतं का? मावशींनी खांदे उडवले, त्यांना काय माहीत. मग डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. "मी तुम्हाला जनावराचं विचारतच नाही. लघवीचं विचारते. कधी लघवी बंद झाली होती? एवढं तर सांगता येईल?"

असं कुणी विचारेल हे आईच्या ध्यानातही आलं नसेल. लघवीवर बंदी नव्हती. "झाली हुती," मी म्हणालो. "मशीनवर ठेवलं हुतं." माझा आवाज मलाच परका वाटला. मावशी लगेच म्हणाल्या, "बास, बास. लई झालं."

मग डोक्याचा फोटो काढला. लांबच्या लांब नळीत झोपवलं होतं, आत धाडधाड आवाज. दोरा काढा म्हणाले, मी नाही म्हणालो. डॉक्टरबाईंनी बघितलं, धातू नाही ना, राहू द्या म्हणाल्या. फोटोत त्यांनी मला एक जागा दाखवली. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, ती जिथं असायला हवी तिथं नुसती पोकळी होती. काळी. मी तिच्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं आत काहीतरी बसलंय. आत काही नव्हतंच, आणि ते जास्त भयंकर वाटलं.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. त्या विषानं रक्त बिघडलं तेव्हा त्या ग्रंथीचं रक्त तुटलं. ती एकदम मेली नाही, वर्षानुवर्षं वाळत गेली. अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना हुकूम तिथून सुटतात. तिचं एक रसायन लहानपणी उंची वाढवतं, म्हणून त्याला वाढीचं म्हणतात. मी म्हणालो, "बाई, माझं वाढायचं काय राह्यलंय आता?" त्या म्हणाल्या, "वाढायचं नाही, टिकायचं राहिलंय." खाल्लेलं कुठं ठेवायचं हे मोठ्या माणसात त्या रसायनाच्या हातात असतं. ते नसेल तर चरबी पोटात आतड्यांभोवती साठते, लिव्हरवर चढते, रक्तात तरंगते. दंड-मांड्यांचं मांस झिजतं, हाडं विरळ होतात, घाम आटतो. उपाशी राहिलं की साखर धरून ठेवायला कुणी नसतं.

मला आमचं केंद्र दिसलं. दूध येतंय, कॅन आहेत, माणसं आहेत, पण सेक्रेटरीच नाही. मग एक कॅन उतू जातोय आणि दुसरे रिकामे.

पहिल्यांदा गोळ्या आल्या. त्यातली एक अशी की ती चुकली आणि वर ताप किंवा हगवण आली तर माणूस जातो. मी जात होतो तो मुख्य तिच्यावाचून, असं त्या म्हणाल्या. ताप आला की ती दुप्पट घ्यायची, उलटी झाली तर थेट दवाखाना गाठायचा. ते ऐकल्यापासून मी खिशात गोळी ठेवतो, कामाच्या पिशवीत ठेवतो, मावशींच्या मिठाच्या डब्याशेजारी ठेवतो. उपाशी चालणं बंद. बाकीच्या गोळ्यांचा जम बसल्यावर वाढीच्या रसायनाचं इंजेक्शन सुरू झालं, पेनासारखं, झोपताना पोटाला टोचायचं. ते थंड ठेवावं लागतं. मावशींकडं फ्रिज नाही, माझ्या खोलीतही नाही. केंद्रावर आहे. सेक्रेटरींनी स्वतः एक कप्पा रिकामा केला आणि मान खाली घालून म्हणाले, "ठेव हितं. हे तरी पिऊ नको म्हणजे झालं." इतक्या दिवसांनी मला त्यांचं हसू आलं.

पहिल्या दिवसांत बोटं सुजली, सांधे दुखले. मला वाटलं, आलंच परत. डॉक्टरबाईंनी मात्रा कमी केली, मग हळूहळू वाढवली. आता घड्याळ हाताला धरून राहतं. पोट आहे अजून, पण ते एकटंच राज्य करत नाही. हाडांना वेळ लागेल म्हणाल्या. आणि परवा कॅन ढकलताना कपाळावरून डोळ्यात काहीतरी उतरलं आणि झोंबलं. खारट. मी ते पुसलंच नाही. ड्रायव्हर म्हणाला, "रडतोय काय रं?" मी म्हणालो, "घाम हाय, घाम!"

इथं लिहिणं संपवलं असतं तर बरं झालं असतं.

पण यंदा पाऊस लागल्यावर एका दुपारी जेवायला बसलो होतो. मावशी चुलीपुढं. मागच्या भिंतीला गोवऱ्यांचा आणि लाकडांचा ढीग असतो, त्या तिकडं हात घालून न बघताच एकेक ओढतात. त्या मला वाढता वाढता सहज म्हणाल्या, "आज गंमतच झाली. कुकर लावलाच न्हाई मी सकाळी, अन् शिट्टी ऐकू आली."

मी ताट बाजूला सारलं.

"कुठून?"

"काय की. गोवऱ्यांकडून आल्यासारखी. आसंल कुणाची तरी बाहेर."

मी, ड्रायव्हर आणि अजून दोघांनी काठ्या घेऊन सगळा ढीग उपसला. एकेक गोवरी बाहेर काढली. काही सापडलं नाही. भिंतीच्या बुडाला एक बीळ होतं, ते दगड-सिमेंटनं बुजवलं. ड्रायव्हर म्हणाला, पावसाळा आहे, सगळीकडंच निघतात. खरंच आहे. डॉक्टरबाईही हेच म्हणतील. त्या दिवसापासून लाकडं मी काढून देतो, आधी काठी आपटून. मावशी वैतागतात, "मी काय पाव्हनी हाय का?" आणि मी नसताना पुन्हा तसाच हात घालतात, मला ठाऊक आहे.

त्या घाबरल्या नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण त्या संध्याकाळी भांडी घासताना, माझ्याकडं पाठ करून, त्यांनी विचारलं, "पोरा, तुज्या त्या डोंगराला लई पायऱ्या हायेत का रं?"

मी म्हणालो, "हायेत."

मावशी तवा घासत राहिल्या.

मावशी, हे तुम्हाला वाचून दाखवायला मला जमायचं नाही, म्हणून लिहून ठेवतो. अजून मी खालच्या पायऱ्यांएवढाच आहे. केंद्रामागच्या पाण्याच्या टाकीचा जिना मी रोज चढतो-उतरतो, कुणी बघत नसताना. मांड्यांत थोडं मांस भरू द्या. मग आपण दोघं जामखेडच्या गाडीत बसू. तुमच्यानं चढवलं नाही तर मी पाठीवर घेईन. चाळीस लिटरचा कॅन उचलणारा गडी होतो मी, तुमचं काय ओझं. शेवटच्या पायरीवर आईच्या जागी तुम्ही उभ्या राहा आणि दोरा सोडा. आणि मी माझ्या तोंडानं त्याचं नाव घेईन, मोठ्यानं, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं. माझ्या वाटचं बोलून जे तुम्ही स्वतःकडं घेतलंत ते मी तिथं परत घेईन. तोवर गोवऱ्यांत हात घालू नका. एवढं माझं ऐका.